कार्टूनमधली मारामारी आणि मोठ्यांचे मौन

कार्टूनमधले एक पात्र दुसऱ्याच्या डोक्यात हातोडा घालते, डोक्यावर भलेमोठे टेंगूळ येते, भोवती तारे फिरतात आणि पुढच्याच क्षणी तो मार खाणारा धडधाकट उठून पुन्हा पळू लागतो. हे दृश्य इतके जुने आणि ओळखीचे आहे की त्याला हिंसा म्हणणेसुद्धा अनेकांना अतिशयोक्तीचे वाटते. ‘आम्हीही हेच पाहून मोठे झालो, आम्ही कुठे कोणाची डोकी फोडली?’ हा प्रतिप्रश्न या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत हमखास येतो.

प्रश्न रास्त आहे आणि त्याला घाबरवणारी उत्तरे देण्यात काही अर्थ नाही. कार्टून पाहून कोणी गुन्हेगार होत नाही. मुलाच्या स्वभावामागे घरातले वातावरण, त्याला स्वतःला मिळणारी वागणूक, झोप, सोबती अशी कितीतरी कारणे असतात आणि त्यांच्यापुढे पडद्याचा वाटा लहानच ठरतो. संशोधकांमध्येही याबाबत एकमत नाही. रोवेल ह्यूसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये शिकागो परिसरातल्या सहा ते दहा वर्षांच्या मुलांची पाहणी केली आणि सुमारे पंधरा वर्षांनी त्यांतल्या अनेकांना पुन्हा गाठले, तेव्हा लहानपणी हिंसक कार्यक्रम अधिक पाहिलेली मुले-मुली मोठेपणीही काहीशी अधिक आक्रमक आढळली. मारणाऱ्या पात्राशी स्वतःला जोडून घेणाऱ्या आणि पडद्यावरचे खरे मानणाऱ्या मुलांमध्ये हे विशेष दिसले. याउलट ख्रिस्तोफर फर्ग्युसन यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ असे परिणाम अगदी किरकोळ असल्याचे आणि आक्रमकता मोजण्याच्या पद्धतीच सदोष असल्याचे सांगत आले आहेत. माझ्या मते दोन्ही बाजू ऐकल्यावर पालकांना उपयोगी पडेल असा प्रश्न वेगळाच उरतो. मुलाने किती ठोसे पाहिले, यापेक्षा त्या ठोशानंतर त्याला काय दिसले आणि त्या वेळी त्याच्या आसपासची मोठी माणसे काय करत होती, हे विचारले पाहिजे.

ठोशानंतर काय दिसते, याची पाहणी अमेरिकेत १९९०च्या दशकात ‘नॅशनल टेलिव्हिजन व्हायोलन्स स्टडी’ या मोठ्या प्रकल्पाने केली. मुलांसाठीच्या कार्यक्रमांत मारामारीचे प्रमाण इतर कार्यक्रमांपेक्षा अधिक होतेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या मारामारीला वेदना नव्हती, दीर्घकाळ राहणारी इजा नव्हती आणि बहुतेक वेळा तिला हशाची जोड होती. मारणारा पुष्कळदा नायकच असतो, देखणा, विनोदी आणि शेवटी जिंकणारा. रक्त दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त होतो खरे, पण सात वर्षांखालच्या मुलाच्या दृष्टीने रक्त नसणे हीच अडचण आहे. मारल्यावर समोरच्याला लागते, तो रडतो, त्याचा विश्वास उडतो, हा अर्धा भाग त्या गोष्टीतून गाळलेला असतो आणि तो स्वतःहून भरून काढण्याइतका अनुभव त्या वयात नसतो.

मुले पाहून शिकतात हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. तरी अल्बर्ट बांडुरा यांचे स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्रयोग इथे आठवावेत, कारण त्यांतला जो भाग सहसा सांगितला जात नाही तोच आपल्या कामाचा आहे. १९६१ च्या पहिल्या प्रयोगात बालवाडीच्या वयाच्या मुलांसमोर एका प्रौढ व्यक्तीने, ढकलला तरी पुन्हा उभा राहणारा हवेने फुगवलेला बाहुला बडवला, त्याला हातोडीने मारले, लाथा घातल्या. नंतर मुलांना खेळायला सोडले तेव्हा त्यांनी जवळपास त्याच हालचाली आणि तेच शब्द उचलले. १९६३ मध्ये याच प्रयोगाची पुढची पायरी झाली. एका गटाने तो प्रकार प्रत्यक्ष पाहिला, दुसऱ्याने चित्रफितीवर, आणि तिसऱ्या गटासमोर काळ्या मांजरीचा वेश केलेल्या व्यक्तीने, कार्टूनसारख्या भडक नेपथ्यात, पडद्यावर तेच केले. यांपैकी काहीच न पाहिलेल्या मुलांच्या तुलनेत तिन्ही गट अधिक आक्रमक होते, आणि मांजर पाहणारी मुले माणूस पाहणाऱ्यांपेक्षा शांत नव्हती. ‘ते तर नुसते कार्टून आहे’ या युक्तिवादाला मिळालेले हे बरेच जुने उत्तर आहे.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो १९६५ चा प्रयोग. त्यात मारणाऱ्याला एका गटासमोर शाबासकी मिळाली, दुसऱ्या गटासमोर तो रागावून घेताना दिसला आणि तिसऱ्या गटासमोर त्याला कोणी काहीच म्हटले नाही. रागावणे पाहिलेल्या मुलांनी त्याची नक्कल कमी केली, हे अपेक्षितच होते. पण जिथे कोणी काहीच म्हटले नाही, तिथली मुले शाबासकी पाहिलेल्या मुलांइतकीच नक्कल करत होती. पुढे मुलांना बक्षिसाचे आमिष दाखवून ‘त्याने काय काय केले ते करून दाखव’ असे सांगितल्यावर तिन्ही गटांतला फरक मिटला, म्हणजे शिकली सगळीच होती, फक्त काहींनी ते बाहेर काढले नव्हते. मोठ्यांचे मौन मुलांना तटस्थ वाटत नाही; ते परवानगीच्या बाजूला मोजले जाते.

हे मौन ऑनलाइन जगात पूर्वीपेक्षा फार वाढले आहे. दूरचित्रवाणीवरचे कार्टून ठरलेल्या वेळी लागे, ठरलेल्या वेळी संपे आणि ते घरातल्या सर्वांच्या वावराच्या खोलीत चालू असे. कोणीतरी ते निवडलेले असे, आणि जाता-येता कोणाच्या तरी कानावर ते पडत असे. मोबाइलवरचे कार्टून हाताच्या अंतरावर, एकट्याच्या डोळ्यांसमोर चालते. हेडफोन असेल तर शेजारी बसलेल्यालाही आवाज येत नाही. एक संपले की दुसरे आपोआप सुरू होते आणि ते दुसरे कोणते असेल हे मूल ठरवत नाही, पालकही ठरवत नाही. आधी काय पाहिले गेले आणि कशावर प्रेक्षक जास्त वेळ खिळून राहतात, यावरून ते ठरते. त्यामुळे ‘कविता लावून दिली होती’ हे पालकांचे म्हणणे आणि अर्ध्या तासाने पडद्यावर दिसणारी मारामारी, दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

ही व्यवस्था किती घसरू शकते हे २०१७ मध्ये जगाने पाहिले. मुलांसाठीचे वेगळे ॲप यूट्यूबने २०१५ मध्ये आणले होते, आणि पालकांचा त्यावर भरवसा होता. प्रत्यक्षात मुलांच्या लाडक्या पात्रांची चित्रे वापरून केलेल्या शेकडो विचित्र चित्रफिती तिथे आणि मुख्य यूट्यूबवर फिरत होत्या. त्यांत ही पात्रे एकमेकांना जखमी करत, त्यांना मोठाली इंजेक्शने टोचली जात, त्यांना बांधून ठेवले जाई, जाळले जाई. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने याविषयी लिहिले, ब्रिटिश लेखक जेम्स ब्रायडल यांचा दीर्घ लेख आला आणि ‘एल्सागेट’ या नावाने हे प्रकरण सर्वत्र चर्चिले गेले. त्यानंतर यूट्यूबने दीड लाखांहून अधिक चित्रफिती काढून टाकल्या आणि सहा लाखांहून अधिक चित्रफितींवरच्या प्रतिक्रिया बंद केल्या. आकडा मोठा आहे, पण मला त्यातून दिलासा मिळाला नाही, कारण एवढे सगळे काढण्यापूर्वी ते कोणीतरी पाहिलेले होते.

हे घडले कसे, हे समजून घेणे पालकांच्या उपयोगाचे आहे. संगणकीय गाळणीला शीर्षक, खुणेचे शब्द आणि मुखचित्र यांचा आधार लागतो. शीर्षकात रंग शिकवणे, कविता, लोकप्रिय पात्रांची नावे असे सगळे निरुपद्रवी शब्द एकापुढे एक रचले की ती चित्रफीत बालोपयोगी वाटते. आत काय चालले आहे हे समजायला माणूसच लागतो. लहान मूल तीच चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहते, जाहिरात सोडून पुढे जात नाही, नापसंती नोंदवत नाही. त्यामुळे अशा चित्रफितींची लोकप्रियता फुगते आणि बनवणाऱ्याला त्या फुगवट्याचे पैसे मिळतात. मुलांचा द्वेष करणारा कोणी यामागे असावा असे मला वाटत नाही. लक्ष वेधून घेतल्याचे पैसे मिळत असतील तर भडकपणा वाढतच जाणार. कंपन्यांची जबाबदारी मोठी आहे आणि ‘पालकांनी लक्ष ठेवावे’ या एका वाक्यावर त्यांना सुटू देऊ नये. तरी त्यांची सुधारणा होईपर्यंत मूल थांबून राहत नाही, हेही खरे.

बाहेरून न दिसणारा दुसरा परिणाम भीतीचा आहे. आक्रमकतेवर इतके बोलले जाते की भीती मागे पडते, वास्तविक घरात तीच आधी जाणवते. जोआन कँटर यांनी मुलांच्या भीतीवर वर्षानुवर्षे काम केले. त्यांच्या अभ्यासातून दिसते की सुमारे सात वर्षांपर्यंतचे मूल जे दिसते त्याला घाबरते: विद्रूप चेहरा, अचानक रूप पालटणे, मोठा आवाज. एखादे अक्राळविक्राळ पात्र गोष्टीत सज्जन असले तरी त्याने लहानांची भीती कमी होत नाही. मोठ्या मुलांना उलट, जे प्रत्यक्षात घडू शकते त्याची भीती वाटते. म्हणूनच ‘ते खोटे असते, घाबरू नकोस’ हे आपले हुकमी वाक्य नऊ वर्षांच्या मुलाला धीर देते आणि चार वर्षांच्या मुलापुढे निष्प्रभ ठरते. चार वर्षांच्या मुलाला जवळ घेणे, दिवा लावणे, त्या पात्राचे चित्र त्याच्याच हाताने काढून घेणे अधिक लागू पडते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरील एका अभ्यासात, २०११ मध्ये, दिवसा पाहिलेले हिंसक कार्यक्रम आणि संध्याकाळनंतर पाहिलेले कोणतेही कार्यक्रम यांचा झोपेच्या तक्रारींशी संबंध आढळला. दिवसा पाहिलेल्या अहिंसक कार्यक्रमांचा आढळला नाही. रात्री दचकून उठणाऱ्या मुलाबाबत आपण जेवणापासून नजर लागण्यापर्यंत सगळ्या शंका घेतो, दुपारी त्याने काय पाहिले एवढे मात्र विचारायचे राहून जाते.

तर मग पालकांनी करायचे काय? सर्वांना सुचणारा पहिला उपाय वेळेचा आहे आणि तो चुकीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की एक वर्षाखालील बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितके चांगले. पण घड्याळावर नजर ठेवणाऱ्या पालकाला एक खोटे समाधान मिळते. त्या एका तासात काय भरले आहे याचा हिशेब घड्याळ देत नाही.

दुसरा उपाय शेजारी बसण्याचा. हाही सांगितला जातो, मात्र अर्धवट. नुसते बसणे पुरत नाही, कधीकधी ते उलटते. १९५९ मधला सीगल आणि कोन यांचा एक छोटा प्रयोग मला फार बोलका वाटतो. लहान मुलग्यांच्या जोड्या दोनदा खेळायला सोडल्या. काही जोड्यांसोबत एक प्रौढ व्यक्ती होती, जी कशालाच हरकत घेत नव्हती. ज्या खोलीत मोठे माणूस नव्हते तिथे दुसऱ्या वेळी दांडगाई कमी झाली आणि जिथे मोठे माणूस गप्प बसले होते तिथे बहुतेकांची वाढली. मोठे माणूस समोर आहे आणि काही म्हणत नाही, तेव्हा चालते, असा मुलांनी सरळ अर्थ लावला. एमी नॅथनसन यांनाही पुढे पालकांच्या पाहणीत याच्याशी जुळणारे दिसले. सोफ्यावर मुलाच्या शेजारी बसून स्वतःच्या मोबाइलमध्ये डोके घातलेला पालक सोबत करत असतोच. पण पडद्यावरच्या मारामारीवर तो जे बोलत नाही, त्याचाही अर्थ लावला जातो.

म्हणून बोलावे, आणि थोडक्यात बोलावे. नॅथनसन आणि कँटर यांनी २००० साली दुसरी ते सहावीच्या मुलांना एक हाणामारीचे कार्टून दाखवले. काही मुलांना आधी एवढेच सांगितले की ज्याला मार बसतो त्याला कसे वाटत असेल याचा पाहताना विचार करा. ज्या मुलग्यांना असे काही सांगितले नव्हते ते कार्टून पाहिल्यावर अधिक आक्रमक झाले. ज्यांना सांगितले होते ते झाले नाहीत. कार्टून तेच, मिनिटे तीच, फरक एका वाक्याचा. कार्टूनची गोष्ट मारणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली असते, आणि ते वाक्य मुलाला क्षणभर मार खाणाऱ्याच्या जागी नेऊन बसवते. पडद्यावरून गाळलेला अर्धा भाग मूल असा परत मिळवते.

याला मर्यादा आहेतच. शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने नापसंती दाखवली की मुले नक्कल कमी करतात, पण ते माणूस खोलीतून गेले की तो परिणाम ओसरतो, असे १९६८ मध्ये हिक्स यांच्या प्रयोगात दिसले. नुसते ‘शी, वाईट!’ म्हणणे हा पहारा झाला आणि पहारेकरी गेला की पहारा संपतो. समोरच्याला लागले असेल का, त्याच्या जागी तू असतास तर, हे विचार मात्र मुलाच्या बरोबर राहण्याची शक्यता अधिक. अर्थात दर दृश्याला थांबवून प्रवचन देणारा पालक कोणालाच नको असतो आणि सगळ्याच कार्टूनमधून आपण मूल्यशिक्षणाचा तास काढायला लागलो तर मुले दुसऱ्या खोलीत जाऊन पाहतील. मांजर पुन्हा एकदा भिंतीवर आपटले तर हसावे, मलाही हसू येते. ज्या कार्टूनमध्ये एखाद्या दुबळ्याला सगळे मिळून छळतात आणि त्यावर हशा पिकतो, तिथे मात्र मला गप्प बसवत नाही. हातोड्यापेक्षा तो हशा मुलांच्या वागण्यात लवकर उतरतो असे माझे निरीक्षण आहे. मुले हातोडा घेऊन येत नाहीत. पडलेल्या मित्राला हसणे, चिडवण्याचा तो विशिष्ट सूर, ‘तू हरलास’ म्हणतानाचा तिरस्कार, हे सहज घेऊन येतात.

तिसरा उपाय बदलून देण्याचा आहे आणि त्याच्या बाजूने मिळालेला पुरावा मला सर्वांत भक्कम वाटतो. दिमित्री क्रिस्टाकिस, मिशेल गॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तीन ते पाच वर्षांच्या मुलांची ५६५ कुटुंबे होती. त्यांतल्या निम्म्या पालकांना पाहण्याचा वेळ कमी करा असे सांगितलेच नाही. हिंसक कार्यक्रमांच्या जागी सहकार्य, समजूतदारपणा दाखवणारे कार्यक्रम निवडायला आणि शक्य तेव्हा सोबत बसून पाहायला त्यांना मदत केली. सहा महिन्यांनी या मुलांचे वागणे दुसऱ्या गटातल्या मुलांपेक्षा चांगले होते, आणि गरीब घरांतल्या मुलग्यांमध्ये फरक सर्वांत ठळक होता. हिरावून घेण्यापेक्षा बदलून देणे मुलालाही सोसते आणि दिवसभर कामात असणाऱ्या आईवडिलांनाही. ज्या घरात स्वयंपाक, नोकरी आणि लहान भावंड सांभाळताना मोबाइल हीच अर्ध्या तासाची उसंत असते, त्या घराला ‘मोबाइल देऊच नका’ असे बजावणाऱ्यांचा मला थोडा रागच येतो.

बदलून द्यायचे तर आधी निवडावे लागते, आणि तांत्रिक सोयी इथे उपयोगी पडतात. मुलांच्या ॲपमध्ये पालकांनी स्वतः मान्य केलेलेच कार्यक्रम दिसतील अशी सोय यूट्यूबने २०१८ मध्ये दिली. ती मुद्दाम शोधून सुरू करावी लागते. शोधण्याची सोय आणि आपोआप पुढचे सुरू होणे बंद करता येते. चांगले कार्यक्रम आधीच उतरवून ठेवले तर नेट बंद करूनही दाखवता येतात, आणि हा सर्वांत साधा उपाय सर्वांत कमी वापरला जातो. लहान मुलांना हेडफोन देऊ नये. कान दुसऱ्या खोलीतूनही काम करतात, आणि सतत किंचाळण्याचे, आपटण्याचे, हसण्याचे एकाच लयीतले आवाज येऊ लागले की उठून पाहावे. नवा चॅनेल मान्य करण्यापूर्वी त्याची एखादी चित्रफीत मधूनच उघडून पाहावी, कारण सुरुवातीचे मिनिट बहुतेक वेळा गोड असते. आजी-आजोबा किंवा सांभाळणाऱ्या बाईंकडे मूल असेल तर हे सगळे त्यांच्या मोबाइलवरही करून द्यावे.

इतके करूनही काहीतरी दिसतेच. कधी मोठ्या भावंडाच्या मोबाइलवर, कधी मित्राच्या घरी. त्या वेळी मूल आपल्याकडे येऊन सांगते की नाही, हे आधीच्या प्रसंगी आपण काय केले यावर ठरते. सांगितल्याबरोबर मोबाइल काढून घेतला जाणार असेल तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही, हा हिशेब पाच वर्षांच्या मुलालाही जमतो. काय दिसले, कुठे दिसले, कसे वाटले एवढे विचारून ती चित्रफीत त्याच्यादेखत बंद करून तिची तक्रार कशी नोंदवायची हे त्यालाच दाखवले, तर भीतीही उतरते आणि पुढच्या वेळी काय करायचे तेही कळते.

मुले आठ-नऊ वर्षांची झाली की मात्र आपला सूर बदलावा लागतो. नॅथनसन यांच्याच एका नंतरच्या अभ्यासात, लहान मुलांना ‘हे खोटे आहे, हे बरोबर नाही’ अशी सरळ विधाने उपयोगी पडली, तर मोठ्या मुलांना ती आपल्याला कमी लेखणारी वाटली आणि त्यांच्यावर परिणाम उलटाच झाला. त्यांच्याशी प्रश्नांतून बोलणे जास्त बरे ठरले. त्याने दुसरे काय करायला हवे होते, हे दृश्य बनवणाऱ्याने असे का बनवले असेल, हे खरोखर घडले असते तर पुढे काय झाले असते, असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. पहिल्या वेळी उत्तर बहुधा ‘माहीत नाही, कार्टूनच तर आहे’ असे येईल. तेवढ्यावर विषय सोडून पुढचा भाग त्यांच्यासोबत पाहायला बसावे.